हातावरचे पोट आणि कागदावरचे नाव: महामारीच्या शासकीय शब्दांची एक तपासणी

१

इ. स. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्च रोजी होता. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी केलेल्या घोषणेप्रमाणे त्याच दिवसापासून देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. घोषणा आणि अंमल यांच्यामध्ये अवघे चार तास होते. पुढील वर्षीचा पाडवा १३ एप्रिल रोजी आला. त्या दिवशी रात्री महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी राज्यापुरते नवे कडक निर्बंध जाहीर केले व त्यांच्या जोडीने ५,४७६ कोटी रुपयांचे साहाय्यही घोषित केले. ज्या मुहूर्तावर सराफकट्टा गजबजावयाचा, ज्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावचे पुढारी येऊन चैत्रातील जत्रांसाठी तमाशाच्या फडांना सुपारी द्यावयाचे, त्याच मुहूर्ताशी लागोपाठ दोन वर्षे बाजार मिटला.

या दोन वर्षांची आर्थिक हानी सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही, ही गोष्ट आता वादाची राहिलेली नाही. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे स्थूल उत्पन्न, प्रथम अंदाजानुसार, आदल्या वर्षाच्या मानाने २३.९ टक्क्यांनी घटले. परंतु ही सरासरी फोडून पाहिली तर बांधकामाचे क्षेत्र ५०.३ टक्क्यांनी, व्यापार, उपाहारगृहे व वाहतूक यांचे क्षेत्र ४७ टक्क्यांनी आणि कारखानदारीचे ३९.३ टक्क्यांनी आक्रसलेले दिसते. वित्त व स्थावर मालमत्तेच्या क्षेत्राची घट मात्र ५.३ टक्केच होती. ज्या व्यवसायांत मनुष्याला आपले शरीर घेऊन कामावर जावे लागते ते अर्ध्यावर आले, आणि ज्यांत कागद हलविले की काम होते ते जवळजवळ उभे राहिले, असा याचा सरळ अर्थ आहे. त्याच तिमाहीत शहरी भागांतील बेरोजगारीचे प्रमाण, पंधरा वर्षांवरील लोकसंख्येपुरते, २०.८ टक्क्यांवर गेले. आधीच्या तिमाहीत ते ९.१ टक्के होते.

या आकड्यांचा पूर्ण उलगडा करणे हे अर्थशास्त्रज्ञांचे काम आहे. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषा हा आहे, आणि म्हणून येथे एक मर्यादित प्रश्न घेतला आहे. महामारीच्या काळात शासनाने जे आदेश, निर्णय व घोषणा प्रसृत केल्या, ते एक प्रकारचे गद्य आहे. त्या गद्यावर कोट्यवधी लोकांची भाकर अवलंबून होती. इतक्या मोठ्या परिणामाचे गद्य आपल्या वाङ्मयसमीक्षेच्या दृष्टीस सहसा पडत नाही. ते वाचले असता काय दिसते? माझे म्हणणे थोडक्यात असे, की हानीची वाटणी जशी विषाणूने व बाजाराने केली, तशीच ती काही निवडक शब्दांनीही केली. त्यांपैकी चार-पाच शब्द येथे तपासावयाचे आहेत.

२

पहिला शब्द अर्थातच ‘टाळेबंदी’. २०२० पूर्वी हा शब्द मराठीत नव्हता असे नाही. तो होता, आणि त्याला एक निश्चित अर्थ होता. कामगारांना कामावर येऊ न देण्यासाठी मालकाने कारखान्याचे दार बंद करणे, याला टाळेबंदी म्हणत. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ याने त्याची व्याख्या केली होती. कामाची जागा तात्पुरती बंद करणे, काम तहकूब करणे, किंवा मालकाने कामावर असलेल्यांना पुढे कामावर ठेवण्याचे नाकारणे, असा तिचा आशय होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. परंतु मुंबईच्या गिरणगावात, विशेषतः १९८२ च्या संपानंतर, हा शब्द ज्यांनी आपल्या आयुष्यात अनुभवला, त्यांना त्याचा अर्थ कोशात पाहावा लागला नाही.

मराठीत ‘बंद’ या कल्पनेभोवती शब्दांचे एक लहानसे कुटुंब आहे. संप कामगार करतात. हरताळ व्यापारी पाळतात. टाळेबंदी मालक करतो. जमावबंदी व संचारबंदी सरकार पुकारते. या शब्दांतील भेद क्रियेचा फारसा नाही, कारण प्रत्येक ठिकाणी काही ना काही थांबतेच. खरा भेद कर्त्याचा आहे. कोण थांबवितो, हे शब्द उच्चारताच कळते, आणि कर्ता कळला की दायित्वही कळते. मालकाने केलेली टाळेबंदी कायदेशीर की बेकायदेशीर हा वाद न्यायासनापुढे नेता येत असे, आणि ती बेकायदेशीर ठरली तर बंद काळातील वेतन मागता येत असे.

२०२० च्या मार्चमध्ये वृत्तपत्रांनी इंग्रजी शब्दाला पर्याय म्हणून ‘टाळेबंदी’ हा शब्द उचलला. त्यामागे कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. घाईत जो जवळचा शब्द सापडला तो त्यांनी घेतला. पण या स्थलांतरात शब्दाचा कर्ता गळून पडला. मालकाने दार लावले नव्हते, कारण मालकाच्या दारालाही कुलूप होते. सरकारने दार लावले होते, पण वेतनाचे देणे सरकारकडे नव्हते. आदेशांची वाक्ये पाहा: ‘दुकाने बंद राहतील’, ‘वाहतूक स्थगित करण्यात येत आहे’. आपले शासकीय मराठी या कर्तृहीन रचनेत फार पूर्वीपासून रुळलेले आहे. एरवी ती केवळ कंटाळवाणी वाटते. या प्रसंगी तिचा परिणाम असा झाला, की काम थांबले परंतु थांबविणारा कोणी उरला नाही, आणि म्हणून भरपाई कोणाकडे मागावी हा प्रश्न वाक्यातच हरवला.

या संदर्भात आणखी एक मजकूर लक्षणीय आहे. महाराष्ट्र शासनाने १३ मार्च २०२० पासून साथरोग अधिनियम, १८९७ लागू केला. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ सुरू झाली, तिच्या धाकाने हजारो गिरणीकामगार गावी पळाले, आणि त्या धांदलीत हा अधिनियम तयार झाला. अधिनियम अगदी तोकडा आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात, साथीच्या बंदोबस्ताचा खर्च कोणी व कसा सोसावयाचा हे ठरविण्याचा अधिकार शासनास दिला आहे, आणि त्या खर्चात नुकसानभरपाईचाही उल्लेख आहे. मात्र त्या शब्दापुढे ‘असल्यास’ अशा अर्थाची पुस्ती जोडलेली आहे. साऱ्या अधिनियमात बुडालेल्या रोजीसंबंधी वाचकाला काही आशा वाटावी असे हे एकच स्थळ, आणि तेही ‘असल्यास’.

३

कर्ता अगदीच कोठे आला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने आदेश काढला, की सर्व नियोक्त्यांनी, ते उद्योगातील असोत वा दुकाने व व्यापारी आस्थापना यांतील असोत, बंद काळातील वेतन ठरलेल्या दिवशी व कोणतीही कपात न करता द्यावे. येथे कर्ता स्पष्ट आहे. पण या ‘नियोक्ता’ शब्दाच्या छत्राखाली कोण कोण उभे होते? चाकणचा हजारो कामगारांचा मोटारींचा कारखाना होता, आणि इचलकरंजीतील चार मागांचा मालकही होता. पहिल्याकडे काही महिन्यांची गंगाजळी असते. दुसऱ्याचे माग बंद पडले की त्याच्याकडे व्यापाऱ्याची मजुरी येणे थांबते, आणि विजेचे देयक व कर्जाचा हप्ता थांबत नाहीत. एका शब्दाने दोघांवर सारखेच ओझे घातले. सारख्या ओझ्याचा परिणाम सारखा होतो, असे समजण्याची चूक ज्याने कधी ओझे उचललेले नाही तोच करील.

परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. आदेश १८ मेपासून अंमलात राहिला नाही. १२ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांनी वेतन दिले नाही अशा नियोक्त्यांवर सक्तीची कारवाई करू नये व उभय पक्षांनी आपसांत वाटाघाटी कराव्यात, अशा आशयाचा अंतरिम निर्णय दिला. वाटाघाटीला दोन बाजू लागतात. परतीच्या गाडीत बसून गोरखपूरला पोहोचलेला भिवंडीचा मागवाला वाटाघाटीस कोणत्या मेजावर बसणार होता?

त्याहून मूलगामी अडचण निराळीच आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१५-१६ मधील ७३ व्या फेरीनुसार देशात बिगरशेती क्षेत्रातील असे लघुउपक्रम सुमारे ६.३४ कोटी होते आणि त्यांत ११.१० कोटी माणसे काम करीत होती. या उपक्रमांपैकी सुमारे ८४ टक्के उपक्रमांत नियमित पगारी नोकर एकही नव्हता. म्हणजे दर सहा धंद्यांपैकी पाच धंद्यांत मालक व कामगार एकच व्यक्ती होती, फार तर घरची माणसे हाताशी. इस्त्रीवाला, चांभार, वडापावची गाडी लावणारी बाई, सायकलदुरुस्तीवाला, ही ती माणसे. कायद्याची भाषा ‘नियोक्ता’ व ‘कामगार’ अशा जोडीवर उभी आहे. ज्याच्या ठिकाणी ही जोडी एकाच देहात नांदते, त्याला वेतनाचा आदेश लागू पडत नाही, कारण त्याने वेतन कोणाकडे मागावे? स्वतःकडेच.

४

वेतनाने नाही तर कर्जाने तरी तो सावरला असता, असे कोणी म्हणेल. येथे ‘सूक्ष्म, लघु व मध्यम’ हे तीन विशेषणांचे पद पुढे येते. २००६ च्या अधिनियमाप्रमाणे कारखानदारीत यंत्रसामग्रीतील पंचवीस लाखांपर्यंतची गुंतवणूक सूक्ष्म समजली जाई. १ जुलै २०२० पासून एक कोटीपर्यंतची गुंतवणूक व पाच कोटींपर्यंतची वार्षिक उलाढाल सूक्ष्म ठरली, आणि मध्यम उपक्रमाची मर्यादा पन्नास कोटींची गुंतवणूक व अडीचशे कोटींची उलाढाल इतकी वर सरकली. १ एप्रिल २०२५ पासून या मर्यादा पुन्हा वाढविण्यात आल्या. सूक्ष्माची गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत गेली.

व्याख्या रुंदावण्यास अर्थशास्त्रीय कारणे असतील. धंदा वाढला तर सवलती जातील या भीतीने कोणी मुद्दाम लहान राहू नये, हे त्यांपैकी एक, आणि ते क्षुल्लक नाही. तथापि भाषेच्या दृष्टीने जे घडले ते असे: ७३ व्या फेरीतील उपक्रमांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक उपक्रम जुन्या व्याख्येप्रमाणेही सूक्ष्मच होते. म्हणजे ‘सूक्ष्म’ या शब्दात आधीच जवळजवळ सारा समाज मावत होता. शब्द आणखी ताणल्यावर पाच कोटींची उलाढाल करणारा आणि दिवसाला पाचशे रुपयांचा गल्ला जमविणारा हे एकाच विशेषणाने ओळखले जाऊ लागले. जे विशेषण सर्वांना लागते ते कोणाचेच वर्णन करीत नाही. पुढे ‘सूक्ष्म उद्योगांना इतके साहाय्य’ असे वाक्य वाचून वाचकाच्या डोळ्यांसमोर हातगाडी उभी राहते, तेव्हा रक्कम दुसऱ्याच दारी गेलेली असू शकते.

१३ मे २०२० रोजी अर्थमंत्र्यांनी तीन लाख कोटी रुपयांपर्यंतच्या तारणमुक्त, शासनाने हमी घेतलेल्या कर्जाची योजना जाहीर केली. आरंभीची अट अशी, की २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढे कर्ज येणे होते त्याच्या वीस टक्क्यांपर्यंत नवे कर्ज मिळेल. ज्यांचे बँकेत खाते फिरत होते अशा अनेक उद्योगांना या योजनेने तारले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु अटीचा व्याकरणार्थ पाहा. ज्याच्यावर कर्ज होते त्यालाच कर्ज. ज्याचे भांडवल सोनाराकडे गहाण ठेवलेल्या पाटल्यांतून आले, ज्याची उधारी घाऊक व्यापाऱ्याच्या वहीत लिहिलेली, त्याची थकबाकी शून्य. शून्याचे वीस टक्के किती, हे सांगावयास नको. पथविक्रेत्यांसाठी १ जून २०२० पासून दहा हजार रुपयांपर्यंतच्या कर्जाची निराळी योजना आली. तीत ज्याच्याकडे विक्रीचे प्रमाणपत्र नव्हते त्याला शिफारसपत्र मिळण्याची सोय ठेवलेली होती. ही सोय लहान वाटली तरी विचारपूर्वक केलेली होती. तिच्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

५

आता १३ एप्रिल २०२१ च्या साहाय्याकडे येऊ. त्या घोषणेत चार वर्गांना प्रत्येकी दीड हजार रुपये देण्याचे ठरले. नोंदणीकृत बांधकाम कामगार, नोंदणीकृत घरेलू कामगार, अधिकृत फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक हे ते चार वर्ग. हेतू चांगला होता, आणि ज्यांची आठवण सहसा ठेवली जात नाही त्यांची ठेवली गेली, याचे श्रेय द्यावयास हवे. परंतु या चार पदांतील नामे व विशेषणे यांचे बलाबल पाहिले तर असे दिसते, की नाम फक्त सहानुभूती उत्पन्न करते. पैसा विशेषणाकडे आहे.

रिक्षाचे उदाहरण घ्यावे. परवाना एकाच्या नावावर, आणि रिक्षा शिफ्टच्या भाड्याने चालविणारा दुसराच, ही आपल्या शहरांतील नित्याची व्यवस्था आहे. रस्ते ओस पडले तेव्हा दिवसाची कमाई बुडाली ती स्टिअरिंगच्या दांडीवर हात असलेल्याची. अनुदानाचे विशेषण मात्र परवान्याला जोडलेले होते. घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी महाराष्ट्राने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. पण तीन घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईची नोंदणी व्हावयाची तर तिला एका दिवसाची रोजी सोडून कचेरीत जावे लागते, आणि मालकीणबाईंचा दाखला मागावा लागतो. ‘मोलकरीण’ हा शब्द सोडून आपण ‘घरेलू कामगार’ म्हणू लागलो, हे योग्यच झाले. परंतु नावात आलेला मान नोंदवहीपर्यंत पोहोचला नाही.

बांधकाम कामगारांच्या बाबतीत शासकीय मराठीने एक शब्दप्रयोग रूढ केला आहे, तो या सर्व विवेचनाचे सारच सांगतो. एप्रिल २०२० मध्ये ज्यांना दोन हजार रुपये देण्याचे ठरले त्यांचे वर्णन ‘नोंदित सक्रिय (जीवित) बांधकाम कामगार’ असे केले जाते. येथे ‘जीवित’ हे विशेषण कामगाराचे नव्हे, नोंदीचे आहे. ज्याने नोंदीचे नूतनीकरण केले तो जीवित. नोंदणीसाठी मागील वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा पुरावा लागतो. सकाळी मजूर नाक्यावर उभा राहणारा मनुष्य आज एका मुकादमाबरोबर, उद्या दुसऱ्याबरोबर जातो. त्याचे नव्वद दिवस पंचवीस माणसांकडे विखुरलेले असतात. त्यांची बेरीज करणारा कागद कोणी लिहिलेला नसतो. असा मनुष्य जिवंत असूनही यादीत जीवित नाही.

६

नोंदीच्या या राज्यात दोन आणखी शब्द वावरत होते: ‘अत्यावश्यक’ आणि ‘स्थलांतरित’.

‘अत्यावश्यक’ हा शब्द वस्तूच्या किंवा सेवेच्या उपयोगावरून माणसांचे वर्ग पाडतो. तो ग्राहकाच्या बाजूने बोलतो. घेणाऱ्याला ही गोष्ट किती निकडीची आहे असे तो विचारतो. देणाऱ्याला ती विकणे किती निकडीचे आहे, हे त्याच्या कक्षेत येतच नाही. केशकर्तनालये महाराष्ट्रात २८ जून २०२० पासून उघडली, तीही केस कापण्यापुरती. त्वचेशी संबंध येत असल्यामुळे दाढीला परवानगी नव्हती. कर्मचाऱ्यास हातमोजे व मुखपट्टी, आणि प्रत्येक गिऱ्हाइकास नवा, वापरून टाकून द्यावयाचा रुमाल, अशा अटी होत्या. साथीच्या दृष्टीने त्या रास्त होत्या. पण दोन खुर्च्यांच्या दुकानात हा खर्च वाढला आणि दाढीची मिळकत गेली, हे दोन्ही भार एकाच माणसावर पडले. गिऱ्हाइकाने घरी आरसा टांगून दाढी केली. त्याच्या दृष्टीने ती सेवा खरोखरच अत्यावश्यक नव्हती. मुंबईच्या डबेवाल्यांचेही तसेच. मार्च २०२० च्या अखेरीस लोकलगाड्या थांबल्या. १५ जूनपासून त्या अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरत्या सुरू झाल्या, तेव्हा डबेवाला त्या यादीत नव्हता. मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडील ही माणसे एकशेतीस वर्षे मुंबईच्या जेवणाची वेळ सांभाळीत आली होती. पण जेवणारेच घरी बसले होते, आणि शब्दाचा विचार जेवणाऱ्यापाशी संपत होता.

‘स्थलांतरित’ या शब्दाची गोष्ट अधिक खिन्न करणारी आहे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा ठेकेदारामार्फत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या कामगारांपुरता होता. आपल्या चुलत्याच्या मागे आपण होऊन भिवंडीस आलेला मनुष्य त्यात बसत नव्हता, आणि बीडहून सांगली-कोल्हापुराकडे गेलेला ऊसतोड मजूर राज्याची सीमाच ओलांडीत नव्हता, मग त्याने उचल घेऊन सारे घरदार हलविलेले का असेना. ऊसतोड मजुरांना गावी परतण्याची परवानगी मिळाली ती एप्रिल २०२० चा मध्य उलटल्यावर. १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या, आणि ४,६२१ गाड्यांनी ६३ लाखांहून अधिक माणसे आपापल्या मुलखात नेली. जे गाडीची वाट पाहू शकले नाहीत ते चालत निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून भुसावळकडे निघालेल्या मध्य प्रदेशातील सोळा मजुरांना करमाडजवळ रुळांवर झोपेतच मालगाडीने चिरडले. त्याच वर्षी १४ सप्टेंबर रोजी लोकसभेत, टाळेबंदीत घरी परतताना किती मजूर मृत्यू पावले या प्रश्नाला, अशी माहिती ठेवली जात नाही, असे लेखी उत्तर देण्यात आले. भरपाईच्या प्रश्नाला, माहितीच नसल्यामुळे तो प्रश्न उद्भवत नाही, असे उत्तर होते. या दोन उत्तरांतील तर्क शुद्ध आहे. नोंद नाही म्हणून संख्या नाही, आणि संख्या नाही म्हणून देणे नाही. प्रस्तुत निबंधात जे दाखवावयाचे होते, ते या उत्तराइतक्या थोडक्यात मला दाखविता आले नसते.

७

या विवेचनावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा, की संकटाच्या काळात कोणतेही शासन यादीवाचून पैसा वाटू शकत नाही. यादी नसली तर पैसा दांडगटांच्या हाती जातो. हे खरे आहे, आणि नोंदणीचा तिरस्कार करणे हा माझा हेतू नाही. परंतु त्याच काळातील उदाहरणे सांगतात की मार्ग एकच नव्हता. शिवभोजन केंद्रावर पाच रुपयांत, आणि एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत विनामूल्य, थाळी मिळाली. तेथे शिधापत्रिका दाखवावी लागत नसे. भुकेने येऊन रांगेत उभे राहणे हाच पुरावा होता. मे व जून २०२० साठी शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरितांनाही दरडोई पाच किलो धान्य देण्याचे ठरले. पथविक्रेत्यांच्या योजनेतील शिफारसपत्राचा उल्लेख वर केलाच आहे. जेथे शब्द थोडा सैल ठेवला तेथे माणूस आत येऊ शकला. घट्ट शब्द ही केवळ शासनाची अपरिहार्यता नव्हती, ती बऱ्याच अंशी सवयही होती.

दुसरा आक्षेप माझ्याच शास्त्रातील मंडळी घेतील. विषमता शब्दांनी निर्माण केली नाही. ती भांडवल, जात, लिंग आणि शहरांची रचना यांनी निर्माण केली, आणि शब्द हे तिचे प्रतिबिंब आहे, असे ते म्हणतील. हेही बहुतांशी मान्य आहे. मात्र प्रशासनाच्या भाषेत प्रतिबिंब व वस्तू यांतील अंतर फार थोडे असते. महाराष्ट्राचाच इतिहास याची साक्ष देतो. ‘माथाडी’ हा बाजारातील शब्द. डोक्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. १९६९ च्या कायद्याने हा शब्द आणि त्याच्या जोडीला ‘हमाल’ हा शब्द जसेच्या तसे अधिनियमाच्या नावात घेतले. निश्चित मालक नसलेल्या कामगारासाठी मंडळ उभे केले, आणि मजुरी व लेव्ही मंडळाकडे जमा होऊ लागली. मालक कोण, हा प्रश्न त्या कायद्याने वेगळ्याच रीतीने सोडविला. तसेच १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली आणि १९७७ साली कायदा झालेली रोजगार ‘हमी’. हा शब्द मागणाऱ्याला अधिकार देतो. २०२१ साली रिक्षावाल्यांना जे मिळाले त्याचे नाव ‘सानुग्रह अनुदान’. अनुग्रह देव करतो किंवा राजा करतो. हमी मात्र जामीन राहणारा देतो. या दोन शब्दांमधील अंतर राज्य आणि नागरिक यांच्यामधील अंतर मोजते.

८

लोकभाषेने आपले वर्गीकरण फार पूर्वीच करून ठेवले आहे. ती ‘हातावरचे पोट’ म्हणते. या वाक्प्रचारात गुंतवणूक, उलाढाल, नोंदणी, नियोक्ता यांपैकी काही नाही. हात एक दिवस थांबला तर पोट किती दिवस थांबू शकेल, एवढेच तो विचारतो. या कसोटीवर भाड्याची रिक्षा चालविणारा, चार मागांचा मालक, तमाशातील ढोलकीवाला आणि तीन घरची कामे करणारी बाई एका ओळीत येतात, आणि पाच कोटींची उलाढाल असलेला ‘सूक्ष्म’ उद्योजक त्या ओळीबाहेर जातो. साहाय्याची क्रमवारी लावण्यास याहून अचूक एकक अर्थशास्त्राला सापडेल की नाही, याची मला शंका आहे. २६ ऑगस्ट २०२१ रोजी असंघटित कामगारांच्या देशव्यापी नोंदणीस ई-श्रम या नावाने आरंभ झाला, ही इष्ट गोष्ट झाली. पण त्या नोंदीत मनुष्याचा व्यवसाय लिहिला जातो तेवढ्याने भागणार नाही. न कमविता तो किती दिवस तग धरू शकतो हेही जोवर लिहिले जात नाही, तोवर पुढच्या संकटातही यादी एक बोलेल आणि भूक दुसरे.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरची. मार्च २०२० चे वेतन आम्हां नियमित अध्यापकांना दोन हप्त्यांत मिळाले, याचीच त्या वेळी केवढी चर्चा झाली. त्याच विभागांतून, त्याच वर्गांवर शिकविणारे आमचे कित्येक सहकारी ‘तासिका तत्त्वावर’ काम करीत होते. तास झाले नाहीत तेथे मानधनही नाही. ‘तत्त्व’ हा शब्द आपण भाषाशास्त्राच्या वर्गात फार जपून वापरतो. येथे मात्र कोणते तत्त्व अभिप्रेत आहे, हे विचारावयाचे आमच्यापैकी बहुतेकांना, मला स्वतःलाही, त्या वर्षापूर्वी सुचले नव्हते. तेव्हा ही समीक्षा केवळ मंत्रालयाच्या गद्याची नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एक विनंती करून हे टिपण पुरे करतो. त्या दोन वर्षांत नाक्यावर, मागावर, फडात आणि मंडईत कोणते शब्द वापरात होते, बुडालेल्या रोजाला, वाढत्या उधारीला, परतीच्या वाटेला लोक काय म्हणत होते, हे आज विचारले तर अजून सांगणारी माणसे आहेत. शासकीय आदेश दप्तरांत सुरक्षित आहेत. हे शब्द मात्र कोठेही नोंदलेले नाहीत. निदान ती नोंदणी तरी आपल्या हातची आहे.